छोट्या वर्कशॉपसाठी सीएनसी लेथ घ्यायचा का? लातूर-नांदेडच्या लेथवाल्यांनी सही करण्याआधी काय तपासावं?

रात्रीचे आठ वाजलेत. डाळ मिलचा माणूस मोटारसायकलला तुटलेला शाफ्ट बांधून वर्कशॉपच्या दारात उभा आहे. "सकाळपर्यंत पाहिजे, मिल बंद पडलीय."

लातूर, उदगीर, अहमदपूर किंवा नांदेडमधल्या कुठल्याही लेथवाल्याला हे दृश्य नवं नाही. इथलं कातकाम मिल, जिनिंग, साखर कारखाना, बोअरची मोटर आणि ट्रॅक्टर यांच्या मोडतोडीवर चालतं. एक नग, तातडीचा, आणि बहुतेक वेळा ड्रॉइंगशिवाय.

याच वर्कशॉपमध्ये आता एक प्रश्न वारंवार विचारला जातो. जुन्या लेथशेजारी सीएनसी लेथ घ्यावा का? आणि घ्यायचा असेल तर कोणता?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे १५-२० लाखांचं कर्ज असू शकतं आणि अनेकदा राहतं घर तारण असतं. म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी काय बघायचं, ते समजून घेऊया.

सीएनसी म्हणजे नेमकं काय?

साध्या लेथवर टर्नर हाताने चाक फिरवून टूल पुढे-मागे करतो. सीएनसी लेथवर हेच काम सर्व्हो मोटर आणि बॉल स्क्रू करतात आणि त्यांना हुकूम कॉम्प्युटर देतो. आकड्यांनी मशीन चालवण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९५२ मध्ये दाखवला गेला, तो मिलिंग मशीनवर होता.

महाराष्ट्राला लेथ नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. पुढे किर्लोस्कर समूहाच्या कर्नाटकातल्या हरिहर इथल्या कारखान्यातून लेथ तयार होऊ लागले. आज सीएनसी लेथ बनवणाऱ्या मोठ्या भारतीय कंपन्या बंगळुरू, कोईमतूर आणि राजकोट परिसरात आहेत. साधे लेथ मात्र आजही पंजाबातल्या बटाला आणि गुजरातेतल्या राजकोटहून मोठ्या प्रमाणावर येतात.

टूलरूम लेथ आणि प्रॉडक्शन लेथ यांत फरक काय?

खरी गोम इथे आहे. 'सीएनसी लेथ' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या स्वभावाच्या मशीन विकल्या जातात.

प्रॉडक्शन लेथचा बेड तिरका असतो, आठ-बारा टूलचा फिरता टरेट असतो, चक हायड्रॉलिक असतो आणि सगळं बंद दरवाजाआड चालतं. एकच नग पाचशे वेळा बनवायचा असेल तर हिला तोड नाही.

टूलरूम लेथ दिसायला जुन्या लेथसारखाच असतो. बेड सपाट असतो, हाताने आवळायचा चक असतो आणि समोर फिरवायची चाकंही असतात. ही चाकं इलेक्ट्रॉनिक असतात. हवं तर हाताने फेसिंग मारा, हवं तर स्क्रीनवर व्यास, लांबी आणि टेपर भरा, मशीन स्वतः पास घेते. मोठ्या कारखान्यात डाय, जिग आणि फिक्स्चर जिथे बनतात त्या विभागाला टूलरूम म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. अमेरिकेतल्या हास कंपनीची टीएल मालिका हे याचं प्रसिद्ध उदाहरण. भारतात अशा मशीनला 'फ्लॅट बेड सीएनसी' असंही म्हणतात.

फरक वेळेत कसा दिसतो? एक उदाहरण घेऊ. समजा, चार पायऱ्यांचा एक शाफ्ट साध्या लेथवर एका तासात होतो. प्रॉडक्शन सीएनसीवर प्रोग्राम आणि सेटिंगला ४५ मिनिटं लागतात आणि नंतर प्रत्येक नगाला १२ मिनिटं.

- एक नग असेल तर: साध्या लेथवर ६० मिनिटं, सीएनसीवर ५७ मिनिटं. म्हणजे जवळपास सारखंच.
- वीस नग असतील तर: साध्या लेथवर २० तास, सीएनसीवर पावणेपाच तास.

म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाहीच, तुमच्या कामाचा आहे. गेल्या तीन महिन्यांची वही काढा आणि प्रत्येक कामापुढे नगांची संख्या लिहा. बहुतेक कामं एक ते पाच नगांची असतील, तर टूलरूम लेथचा विचार करा. एकाच गिऱ्हाईकाकडून दर महिन्याला शेकड्याने नग येत असतील, तर प्रॉडक्शन लेथ योग्य.

लातूर-नांदेडच्या कामाला कोणती मापं लागतात?

ब्रोशरवर पहिल्या ओळीत 'स्विंग ओव्हर बेड' असतं आणि हाच आकडा अनेकांना फसवतो. बेडवर ५०० मिलिमीटर व्यास फिरतो याचा अर्थ ५०० मिलिमीटरचा शाफ्ट कातता येतो, असा होत नाही. लांब नग सॅडलच्या वरून जातो, त्यामुळे त्याच्यासाठी 'स्विंग ओव्हर क्रॉस स्लाइड' हा लहान आकडा खरा. कोटेशनमध्ये दोन्ही आकडे मागा.

दुसरं माप म्हणजे दोन सेंटरमधलं अंतर. ऑइल मिलच्या एक्स्पेलरचा किंवा जिनिंगचा शाफ्ट लांब असतो. पण सगळ्यात लांब नग वर्षातून दोनदाच येत असेल, तर तेवढ्यासाठी मोठी मशीन घेऊ नका. तो नग जुन्या लेथवर होऊ द्या.

तिसरं माप स्पिंडल बोअर. लांब शाफ्टच्या फक्त टोकाला आटे पाडायचे असतील, तर उरलेला शाफ्ट स्पिंडलच्या आतून मागे जायला हवा. हायड्रॉलिक चक असेल तर आत ड्रॉ ट्यूब येते आणि ही जागा आणखी कमी होते. म्हणून 'स्पिंडल बोअर किती' हे विचारून थांबू नका, 'बार किती मिलिमीटरचा आत जातो' हेही विचारा.

मोटर साडेसात किलोवॉटची, तरी मशीन का थांबते?

हा मुद्दा जुन्या गिअरवाल्या लेथवर हात बसलेल्यांना सगळ्यात उशिरा कळतो.

जुन्या लेथमध्ये गिअर बदलला की वेग कमी होतो आणि जोर वाढतो. बहुतेक छोट्या सीएनसी लेथमध्ये गिअर नसतात, मोटर पट्ट्याने थेट स्पिंडल फिरवते. अशी मोटर पूर्ण ताकद एका ठरावीक वेगाच्या वरच देते. त्याखाली वेग जितका कमी, तितकी ताकद कमी.

आकड्यांत पाहू. २५० मिलिमीटर व्यासाची बिडाची पुली मिनिटाला ८० मीटर कटिंग स्पीडने कातायची तर स्पिंडल साधारण १०० आरपीएमवर फिरवावा लागतो. समजा, मशीनची साडेसात किलोवॉटची पूर्ण ताकद ७५० आरपीएमपासून मिळते. मग १०० आरपीएमवर हातात उरतो फक्त १ किलोवॉट. खोल पास घेतला की स्पिंडल अडणार आणि स्क्रीनवर अलार्म येणार.

पुली, कपलिंग आणि फ्लॅन्ज ही तर आपल्याकडची रोजची कामं. म्हणून विक्रेत्याकडून 'टॉर्क कर्व्ह' म्हणजे वेग आणि ताकद यांचा आलेख मागाच. त्याहून चांगलं म्हणजे आपली बिडाची पुली घेऊन त्यांच्या डेमो सेंटरला जा आणि समोर कातून दाखवायला सांगा.

आपल्या कामात आणखी काय वेगळं असतं?

दुरुस्तीच्या कामात झिजलेला शाफ्ट वेल्डिंगने भरून पुन्हा कातायचा असतो. वेल्डिंगवर कुठे कडक, कुठे मऊ, कुठे खड्डा. टूल दर फेऱ्याला आपटतं. अशा कामाला रुंद बॉक्स वे असलेला जड बेड चांगला टिकतो. लिनिअर गाइडवेची मशीन वेगवान असते आणि हलक्या, नियमित कामाला उत्तम, पण सततच्या आदळआपटीसाठी ती पहिली निवड नाही.

जुने, झिजलेले आटे पुन्हा साफ करायचे असतील तर टूल नेमकं जुन्याच खाचेत बसवावं लागतं. हे काम साध्या लेथवर अनुभवी टर्नर नजरेने करतो. सीएनसीवर त्यासाठी 'थ्रेड रिपेअर' ही सोय लागते आणि ती प्रत्येक कंट्रोलरवर असतेच असं नाही. नवे आटे पाडायचे असतील तर मात्र सीएनसी बाजी मारते. मिलिमीटर असो की जुन्या मशीनचे इंचातले आटे, गिअर बदलत बसावं लागत नाही.

वाकडातिकडा नग धरायला चार जबड्यांचा चक हवा. तो त्या स्पिंडलवर बसतो का, हे आधीच विचारून ठेवा.

कंट्रोलर कोणता घ्यावा?

भारतात फानुक, सीमेन्स आणि मित्सुबिशी हे कंट्रोलर सर्वाधिक दिसतात. तिन्ही भरवशाचे आहेत. आपल्यासाठी खरा प्रश्न असा की, तुमच्या गावात कोणता कंट्रोलर चालवणारा माणूस मिळतो आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारा किती तासांत पोहोचतो?

एक नगाच्या कामासाठी संवादी प्रोग्रामिंग महत्त्वाचं. म्हणजे कोड न लिहिता स्क्रीनवरच्या चित्रात मापं भरायची. फानुकमध्ये याला 'मॅन्युअल गाइड आय' आणि सीमेन्समध्ये 'शॉपटर्न' म्हणतात. अनेकदा हा वेगळा पैसे मोजून घ्यायचा पर्याय असतो. डेमोमध्ये दिसला म्हणून तो तुमच्या मशीनवर येईलच असं समजू नका, कोटेशनमध्ये त्याची ओळ शोधा.

मराठवाड्याची माती, पाणी आणि वीज

मशीनचं माहितीपत्रक बंगळुरूत लिहिलं जातं. मशीन मात्र इथल्या काळ्या मातीवर बसते.

*जमीन:* काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता कोबा टाकून दोन-तीन टनांची मशीन ठेवली, तर ऋतू बदलला की लेव्हल हलते आणि शाफ्टला नकळत टेपर येऊ लागतो. माती काढून मुरूम भरा, नीट दाबा आणि त्यावर सळई घातलेलं काँक्रीट करा. मशीन बसवल्यावर पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात लेव्हल पुन्हा तपासा.

*पाणी:* २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथल्या अनेक वर्कशॉपमध्ये बोअरचं जड पाणीच वापरलं जातं. जड पाण्यात कूलंटचं तेल नीट मिसळत नाही, ते फुटतं, वास येतो आणि स्लाइड गंजतात. कूलंटसाठी आरओचं पाणी वापरा. उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि द्रावण घट्ट होतं, म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण तपासत राहा.

*वीज:* सीएनसीला थ्री फेज औद्योगिक जोडणी लागते, घरगुती मीटरवर ती चालवता येत नाही. महावितरणकडे लघुदाब औद्योगिक ग्राहकांसाठी २० किलोवॉटपर्यंत आणि त्यावर असे वेगळे गट आहेत. म्हणून मशीन, कॉम्प्रेसर आणि जुना लेथ यांचा भार एकत्र मोजूनच अर्ज करा. सर्व्हो स्टॅबिलायझर आणि मशीनसाठी स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हे खर्च टाळण्यासारखे नाहीत. उन्हाळ्यात अवकाळी पाऊस आणि विजा असतील तर मशीन बंद करून मेन स्विच खाली करा.

*उष्णता आणि धूळ:* एप्रिल-मे मध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनेल त्याहून तापतं आणि ड्राइव्ह अलार्म देतात. पॅनेलला एसी आहे का, ते बघा. पॅनेलचं दार उघडं ठेवून समोर पंखा लावणं हा उपाय नाही. त्याने धातूची बारीक धूळ थेट सर्किटवर जाते.

*बॅटरी:* मशीनची सगळी सेटिंग बॅटरीवर जपली जाते. 'बॅटरी लो' दिसलं की लगेच नवी घाला. फानुक कंट्रोलरची मेमरी बॅटरी मशीन चालू असतानाच बदलायची असते, बंद करून बदलली तर सेटिंग पुसली जाऊ शकते. पहिल्याच आठवड्यात पॅरामीटरचा बॅकअप घेऊन दोन ठिकाणी ठेवा.

हिशोब कसा मांडायचा?

पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या कोटेशनचे आकडे घालून हाच हिशोब करा.

समजा, मशीन १६ लाखांची. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ८८ हजार. तुम्ही नियमित जीएसटी भरत असाल तर हा कर वजावटीत मिळू शकतो, पण कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही. टूल होल्डर, चक, स्टॅबिलायझर, पाया आणि क्रेनचं भाडं हे सगळं वेगळं.

समजा, त्यासाठी १२ लाखांचं कर्ज ११ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी घेतलं. मासिक हप्ता साधारण २६,१०० रुपये. आता दरमहा १५० तास काम धरू:

- हप्ता: २६,१०० रुपये
- ऑपरेटर: १८,००० रुपये
- जागा: ६,००० रुपये
- दुरुस्तीसाठी बाजूला: ५,००० रुपये
- वीज: ७,५०० रुपये
- इन्सर्ट, तेल, कूलंट: ८,००० रुपये

एकूण ७०,६०० रुपये, म्हणजे तासाला साधारण ४७० रुपये खर्च. तुमचा नफा अजून यात धरलेलाच नाही.

पण काम फक्त ७५ तास मिळालं तर? वीज आणि इन्सर्ट निम्मे होतील, बाकीचे खर्च तसेच राहतील. तासाचा खर्च जवळपास ८४० रुपयांवर जातो. उलट २५० तास काम मिळालं तर तो ३२५ रुपयांच्या आसपास येतो.

इथल्या कामाला हंगाम असतो, हे विसरू नका. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. हप्ता मात्र बाराही महिने येतो. म्हणून हिशोब चांगल्या महिन्याचा मांडू नका, सगळ्यात मंद महिन्याचा मांडा. त्या महिन्यात हप्ता निघत असेल, तरच पुढे जा.

सरकारी योजना मिळते का?

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतच्या प्रकल्पासाठी प्रवर्ग आणि ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळतं. पण एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. ही योजना नव्या उद्योगासाठी आहे, आधीपासून चालू असलेल्या वर्कशॉपला तिच्यातून पहिलं कर्ज मिळत नाही. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही नव्या उद्योगांसाठीच आहे.

चालू वर्कशॉप असेल तर मुद्रा कर्ज किंवा तारणाशिवाय कर्जाला हमी देणारी सीजीटीएमएसई योजना यांबद्दल बँकेत विचारा. राहतं घर तारण ठेवण्याआधी हा प्रश्न नक्की विचारावा. उद्यम नोंदणी आधीच करून ठेवा. माहितीसाठी जिल्हा उद्योग केंद्र हे पहिलं ठिकाण. आणि मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत मशीनचा आगाऊ पैसा भरू नका.

कोच कारखान्यामुळे काम वाढेल का?

लातूरजवळच्या हरंगुळ इथल्या रेल्वे कोच कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ रोजी झालं आणि २५ डिसेंबर २०२० रोजी तिथे पहिला डब्याचा सांगाडा तयार झाला. वंदे भारत स्लीपर गाड्यांसाठी या कारखान्याची निवड झाल्यावर आजूबाजूच्या छोट्या उद्योगांच्या आशा वाढल्या.

आशा ठेवायला हरकत नाही, पण त्या भरवशावर कर्ज काढू नका. रेल्वेच्या कामाला मंजूर पुरवठादारांची साखळी असते. त्यात शिरायला गुणवत्तेची कागदपत्रं, मोजमापाची प्रमाणित साधनं आणि पैसे उशिरा आले तरी तग धरण्याची ताकद लागते. हातात लेखी ऑर्डर असेल तेव्हाच ते काम हिशोबात धरा.

जुनी सीएनसी घेतली तर?

पुणे आणि छत्रपती संभाजीनगरमधल्या कारखान्यांतून निघालेल्या जुन्या मशीन स्वस्तात मिळतात. जाताना डायल गेज, मायक्रोमीटर आणि एक अनुभवी टर्नर सोबत न्या.

- मशीन थंड असताना चालू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर आवाज लपतो.
- २०० मिलिमीटर लांबीचा बार कातून दोन्ही टोकांचा व्यास मोजा.
- दोन्ही अक्षांचा बॅकलॅश डायलने तपासा.
- कंट्रोलरचे सुटे भाग अजून मिळतात का, हे मशीन विकणाऱ्याला विचारू नका, कंट्रोलरच्या कंपनीला विचारा.
- मशीनवर बँकेचा बोजा नाही, याचं पत्र आणि पक्कं बिल घ्या.

चालवणार कोण?

टर्नर हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि लातूर, नांदेड दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहेत. सीएनसीच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी छत्रपती संभाजीनगरची इंडो जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था मराठवाड्यातच आहे.

पण तुमच्या जुन्या टर्नरला बाजूला सारू नका. बटणं दाबायला महिन्याभरात शिकता येतं. कोणत्या धातूला किती पास सोसतो, हे कळायला वर्षं लागतात. टूलरूम लेथचा फायदाच हा आहे की जुना टर्नर पहिल्या दिवसापासून त्यावर हाताने काम करू शकतो.

एक सावधगिरी मात्र पाळा. टूलरूम लेथ पुढून बराचसा उघडा असतो. सीएनसीचा वेग जुन्या लेथपेक्षा खूप जास्त असतो आणि वाकडा, न तोललेला नग चकमधून सुटला तर जीवावर बेततं. स्पिंडलच्या कमाल वेगाला प्रोग्राममध्ये मर्यादा घाला, चकवर लिहिलेला आरपीएम ओलांडू नका, गार्ड काढू नका. सैल बाह्या, गमछा आणि हातमोजे लेथपासून लांबच ठेवा.

मग काय ठरवायचं?

- काम एक-दोन नगांचं आणि महिन्याला ७५ तासांहून कमी: सीएनसी थांबवा. चांगल्या स्थितीतल्या जुन्या लेथला डीआरओ म्हणजे डिजिटल माप दाखवणारा संच बसवा. खर्च खूप कमी आणि चुका लगेच घटतात.
- काम मिश्र, पाच ते पन्नास नगांचं, गिऱ्हाईक बरीच: टूलरूम लेथ.
- एक-दोन गिऱ्हाईकांकडून लेखी, नियमित, शेकड्याची ऑर्डर: प्रॉडक्शन लेथ.

तिन्ही बाबतीत जुना लेथ विकू नका. रात्री आठ वाजता तुटलेला शाफ्ट घेऊन माणूस दारात येईल, तेव्हा नवी मशीन दुसऱ्या कामात अडकलेली असेल आणि वेळ जुनाच लेथ निभावून नेईल.